मुद्दाम पडायचं ठरलं होतं

"मी बोलतो त्यांच्याशी," एवढंच जावईबापू म्हणाले आणि पुढचं सगळं रामायण घडलं. संसारी माणसाने जी वाक्यं चुकूनही उच्चारू नयेत त्यांत हे वाक्य फार वरच्या जागी आहे. ("मी बघतो काय झालंय ते," हे नळाखाली बसून म्हटलेलं वाक्य त्याच्या खालोखाल. जावईबापूंनी तेही एकदा म्हटलं होतं. स्वयंपाकघराच्या छताला त्याचा डाग अजून आहे.)

झालं होतं असं. बायकोने नुकताच फोन ठेवला होता आणि तिचा चेहरा असा होता की जावईबापूंनी न सांगता टीव्हीचा आवाज बंद केला.

"बाबांनी गाडी घेतलीय," ती म्हणाली.

"अरे वा."

"अरे वा काय? कुठली ते तरी विचारा. क्वाड बाईक. चार जाडजूड चाकं, वर हँडल, मधे घोड्यावर बसल्यासारखं बसायचं आणि डोंगर चढायचा. आणि हे कोण करणार? बाबा. बाथरूममध्ये धरायला मी दांडी बसवून दिलीय, ते बाबा."

बाबा म्हणजे जावईबापूंचे सासरे. दाताचे डॉक्टर होते, आता निवृत्त. शहराच्या टोकाला एका टेकडीच्या पायथ्याशी एकटेच राहायचे. टेकडीच्या माथ्यावर त्यांच्या मधमाश्यांच्या पेट्या होत्या. हा नाद मुळात सासूबाईंचा. त्या असताना दोघं रोज वर जायचे, पेट्या बघायचे, शेजारच्या बाकावर बसून थर्मासमधला चहा प्यायचे आणि उतरून यायचे. त्या गेल्यावर डॉक्टर एकटे जायला लागले. अलीकडे मात्र गुडघ्यांनी असहकार पुकारला होता. वाट दगडामातीची, मोटार जात नाही. बायकोचं म्हणणं, पेट्या कुणाला तरी देऊन टाका आणि आमच्याकडे राहायला या. त्यासाठी तिने मागची खोली रिकामी करून रंगवून ठेवली होती. डॉक्टर येत नव्हते, म्हणून त्या खोलीत सध्या इस्त्रीचं टेबल राहत होतं.

"माझं ते ऐकत नाहीत," बायको म्हणाली. "तुमचं ऐकतील. तुम्ही अपघातांतले."

अपघातांतले म्हणजे जावईबापू एका विमा कंपनीच्या दावे विभागात कारकून होते. लोक कुठे पडले, कसे पडले, कशावर आदळले, हे दिवसभर वाचायचं आणि त्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांचं काम. या नोकरीतून ते दोन गोष्टी पक्क्या शिकले होते. एक म्हणजे पडल्या पडल्या माणूस जे सांगतो ते खरं, आणि सावकाश विचार करून सांगतो ते रचलेलं. हे तत्त्व ते घरात येताजाता ऐकवत असत. दुसरी गोष्ट ते कुणाला ऐकवत नसत, पण मनातून त्यांची खात्री होती. ती अशी, की पडण्याचे इतके प्रकार माहीत असलेला माणूस स्वतः कधी पडणार नाही.

तर ते म्हणाले, "मी बोलतो त्यांच्याशी."

रविवारी ते सासुरवाडीला गेले तेव्हा डॉक्टर मागच्या शेडमध्ये गाडीवर बसले होते. गाडी नारिंगी, कोरी करकरीत, चाकांवर मातीचा कणही नाही. इंजिन बंद. डॉक्टर हँडल धरून समोरच्या भिंतीकडे एकाग्रतेने बघत होते.

"सराव करतोय," ते म्हणाले. "बसण्याचा."

जावईबापूंनी वाटेत भाषण तयार केलं होतं. सुरुवातीला वय, मग हाडं, मग दावे विभागातली दोन अंगावर काटा आणणारी उदाहरणं, आणि शेवटी लेकीची काळजी. पण डॉक्टरांना एक जुनी सवय होती. समोरच्याचं तोंड भरलेलं असतानाच ते नेमका प्रश्न विचारत. जन्मभर दवाखान्यात तेच केलेलं. त्यांनी बिस्किटांची बशी पुढे केली, जावईबापूंनी एक बिस्किट अख्खं तोंडात टाकलं, आणि डॉक्टर म्हणाले, "बोला. काय निरोप दिलाय माझ्या लेकीने?"

जावईबापूंनी हातानेच, काही नाही, असं सांगितलं.

"तिला वाटतं म्हाताऱ्याला म्हातारचळ लागलाय. मी वेडा नाही हो. शिकल्याशिवाय ही किल्ली फिरवणार नाही, असं मी स्वतःलाच बजावलंय. न शिकता कुणी दात उपटायला घेतले तर चालेल का आपल्याला? या गाड्या शिकवायचा वर्ग असतो, त्यात नाव घातलंय." मग गाडीच्या टाकीवरून हात फिरवत ते म्हणाले, "खाली घरात मला करमत नाही. वर गेलं की वाटतं ती जवळपास आहे. तिथे आम्ही फार बोलायचो असंही नाही. नुसते बसायचो. एवढंच हवंय मला अजून थोडे दिवस." मग ते ओशाळल्यासारखे हसले. "फक्त वर्गाला एकट्याने जायची जरा लाज वाटते. सगळी तरणीताठी मंडळी असणार."

बिस्किट एव्हाना गिळून झालं होतं. आता वय, हाडं, उदाहरणं आणि काळजी या क्रमाने बोलायला काहीच हरकत नव्हती. जावईबापूंनी तोंड उघडलं, आणि त्यातून बाहेर आलं, "मी येतो तुमच्याबरोबर."

घरी बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. (ती शांतपणे ऐकते तेव्हा जावईबापू नेहमी दाराजवळची खुर्ची निवडतात.)

"तुम्हाला आग विझवायला पाठवलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही तिथे शेकत बसलात."

"तसं नाही. माझ्या डोक्यात एक योजना आहे."

योजना वगैरे काही नव्हती. ती त्यांना दात घासताना सुचली. सुचली तेव्हा मात्र इतकी सोपी वाटली की आरशात बघून ते स्वतःशीच हसले. डॉक्टर मनाने हळवे. दुसऱ्याचं दुखणं त्यांना बघवत नाही. दाढ काढताना पेशंटच्या आधी त्यांच्याच डोळ्यांत पाणी यायचं. मग वर्गात एखाद्या मऊशार जागी, अगदी सावकाश, जावईबापूंनी गाडीवरून पडायचं. खरचटणारही नाही असं. जरासं "आई गं" म्हणायचं. डॉक्टर ते बघतील, घाबरतील आणि गाडी विकतील. कुणी कुणाला नको म्हणायला नको की कुणाचं मन दुखवायला नको.

"माझ्यावर सोड," ते बायकोला म्हणाले, आणि योजना पोटातच ठेवली. सांगितली असती तर पुढे फार बरं झालं असतं.

वर्ग भरायचा एका जुन्या, बंद पडलेल्या खाणीच्या सपाट आवारात. एका बाजूला खडी, मधे एक वळण, वळणाच्या पुढे हिरव्यागार गवताचा उतार. शिकवणाऱ्या बाई पूर्वी जंगलखात्यात होत्या. अंगाने काटकुळ्या, गळ्यात शिट्टी, आणि बोलणं असं की शिट्टीची गरज पडू नये.

"हेल्मेट, गॉगल, हातमोजे, घोट्याच्या वरपर्यंत बूट," त्या म्हणाल्या. "यातलं एक जरी नसेल तरी घरी जायचं. एका गाडीवर एकच माणूस. मागे नवरा नाही, बायको नाही, लाडका पुतण्या नाही. डांबरी रस्त्यावर न्यायची नाही, हिची चाकं मातीची आहेत. दुसऱ्याच्या शेतातून, पाण्यातून, गवत तुडवत न्यायची नाही. आपल्याला रस्ता नाही म्हणून आपण रस्ता पाडायला आलेलो नाही. आणि चढावर अंग पुढे, उतारावर मागे. गाडीला काय वाटतंय ते बुडाला कळतं. तिकडे लक्ष द्या."

शेवटचं वाक्य डॉक्टरांना फार आवडलं. त्यांनी मान डोलावली.

आणि मग एक नवल घडलं. या गाडीला वेग द्यायचा तो उजव्या अंगठ्याने, हँडलजवळची एक लहानशी पट्टी दाबून. तरण्याताठ्या मंडळींनी ती कचकन दाबली आणि गाड्या बेडकासारख्या उड्या मारायला लागल्या. डॉक्टरांचा अंगठा मात्र आयुष्यभर लोकांच्या हिरड्यांवरून फिरलेला होता. त्यांनी पट्टी अशी दाबली की गाडी निघाली कधी तेच कळलं नाही. खुणेच्या शंकूंमधून ते नागमोडी गेले, वळले, परत आले आणि थांबले. एकही शंकू हलला नाही. बाईंनी शिट्टी तोंडातून काढली. "काका, तुमचा अंगठा फार छान आहे," त्या म्हणाल्या. डॉक्टर हेल्मेटच्या आत लाजले. ते बाहेरून दिसत नव्हतं, पण जावईबापूंना कळलं आणि त्यांनी उगाच बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. 

जावईबापूंची गोष्ट वेगळी होती. त्यांनी उभी हयात स्कूटरवर काढली होती. स्कूटरवाल्याचा पाय हा त्याच्या मेंदूला विचारत नाही. गाडीचा वेग जरा कमी झाला की पाय आपोआप खाली. ही गाडी चार चाकांवर उभी असते, तिला कुणाच्या पायाचा टेकू नको असतो, हे जावईबापूंना कळत होतं. पायाला कळत नव्हतं.

"पाय वर," बाई ओरडायच्या.

पाय वर जायचा. पुढच्या शंकूशी पुन्हा खाली.

"पाय वर. अहो, ही स्कूटर नाही. पाय खाली टेकवलात आणि गाडी पुढे गेली की मागचं चाक त्याच पायावर चढतं. लक्षात राहील ना?"

"राहील," जावईबापू म्हणाले, पाय खाली टेकवून.

दुसऱ्या दिवसापासून वर्गातली मंडळी त्यांना "पाय वर" म्हणायला लागली. "ए, ते पाय वर आले बघ." चहाच्या वेळी डॉक्टर मात्र त्यांच्या शेजारी बसून पाठीवर हात ठेवायचे. "जमेल," म्हणायचे. "माझ्यासाठी एवढं करताय तुम्ही. माझा मुलगा असता तर त्यानेसुद्धा केलं नसतं." जावईबापूंनी चहा तसाच गरम गरम घशाखाली ओतला. त्याच क्षणी त्यांनी ती योजना सोडून द्यायला हवी होती. पण घरी बायको रोज विचारत होती, "काय झालं हो तुमच्या योजनेचं?" आणि दोन हळव्या माणसांच्या मधे सापडलेला माणूस शेवटी जे जवळ झोपतं त्याला घाबरतो.

पडायचा दिवस त्यांनी ठरवला. जागा तर आधीच हेरून ठेवलेली होती, वळणाच्या पुढचं गवत. वळण घ्यायचं, गवतावर चाक जरा चढवायचं आणि डाव्या अंगाला अलगद लवंडायचं. डॉक्टर बघत असले पाहिजेत हे मात्र महत्त्वाचं. प्रेक्षकच नसेल तर नाटक कुणासाठी?

म्हणून वळणाच्या अलीकडे, खडीवर, त्यांनी गाडी थांबवत आणली, डॉक्टर बघताहेत का ते पाहायला मान मागे वळवली, आणि गाडी थांबतेय हे कळल्याबरोबर पाय, मेंदूला न विचारता, खाली गेला. मान मागे वळली तसं अंग वळलं, अंग वळलं तसा अंगठा दाबला गेला. गाडी पुढे निघाली. मागचं चाक त्या पायावर चढलं आणि जावईबापू खडीवर उतरले. वेग म्हणाल तर शेजारून चालणाऱ्या माणसाने त्यांना मागे टाकलं असतं. माणूस पडताच इंजिन थांबावं म्हणून मनगटाला बांधलेली दोरी गाडीतून निसटली आणि इंजिन बंद पडलं, बाईंनी शिकवलं होतं अगदी तसं. त्या सबंध प्रकरणात नियमाप्रमाणे वागली ती एकटी गाडी.

घरून तयार करून आणलेलं "आई गं" तसंच राहून गेलं. त्याऐवजी तोंडातून जो आवाज निघाला तो ऐकून पलीकडच्या गाडीवरच्याने, कुणी हॉर्न दिला असं समजून, बाजू दिली.

"बूट होते म्हणून एका हाडावर निभावलं," बाई पाय तपासत म्हणाल्या. "नाहीतर पाऊल गेलं होतं."

दवाखान्यात पायाला प्लास्टर घातलं. बायको धावत आली आणि दारातूनच विचारलं, "कसे पडलात?" वेदनेच्या भरात काही रचायला वेळ नव्हता. जावईबापू म्हणाले, "पाय खाली टेकवला." ती दवाखान्यातल्या डॉक्टरांशी बोलायला बाहेर गेली. नर्सने जावईबापूंच्या तोंडात थर्मामीटर ठेवला, आणि नेमके तेव्हाच सासरे आत येऊन पलंगाशी बसले.

त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि शेजारच्या टेबलावर ठेवली.

"चुकलं माझं, जावईबापू," ते म्हणाले. "मला सोबत हवी होती म्हणून तुम्ही आलात. तुम्हाला त्यातलं काही आवडत नव्हतं, मला दिसत होतं. तरी मी गप्प बसलो. माझ्या गुडघ्यांची सोय बघताना तुमचा पाय मोडला. आता बास. गाडी विकून टाका. मी येतो तुमच्याकडे राहायला. त्या खोलीला तिने हौसेने रंग दिलाय."

जावईबापू थर्मामीटरच्या आडून "अंहं अंहं" करत राहिले. डॉक्टरांनी ते वेदनेचं कण्हणं समजून त्यांचा हात थोपटला आणि डोळे पुसत बाहेर गेले.

म्हणजे योजना फत्ते झाली होती. ठरवलं होतं त्याहून झकास. पण जावईबापूंना वाटलं होतं, म्हातारा स्वतःच्या जिवाला घाबरेल. तो आपल्या जिवासाठी घाबरेल, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. गाडी कुणी भीतीपोटी सोडली असती तर त्यांनी मनाला समजावलं असतं. ही तर मायेपोटी सोडली होती. पलंगावर पडल्या पडल्या त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की पायाचं दुखणं काही वेळ जाणवलंच नाही.

इस्त्रीचं टेबल बोळात आलं आणि डॉक्टर खोलीत आले. बायको कामावर गेली की घरात दिवसभर दोघंच. जावईबापूंचा पाय स्टुलावर आणि डॉक्टर त्यांच्या दिमतीला. पाणी आणून दे, पायाखालची उशी सारखी कर, वर्तमानपत्र वाचून दाखव. टेकडीचं नाव नाही, माश्यांचं नाव नाही. "खोली छान आहे," एवढंच म्हणायचे. "ऊन येतं." सुरुवातीला त्यांनी वेळ घालवायला घरातल्या सगळ्यांचे दात तपासले, मग दूधवाल्याचे, मग लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाचे. दात संपले. मग ते गॅलरीत उभे राहायला लागले. शेजाऱ्यांच्या कुंडीत कसलीतरी निळी फुलं होती आणि त्यांवर एक माशी यायची. ती येऊन जाईपर्यंत डॉक्टर हातात कप धरून उभे असायचे, आणि कपातल्या चहावर साय धरलेली असायची.

जावईबापू हे स्टुलावरच्या पायाच्या वरून बघत असत. पळून जाणंही शक्य नव्हतं.

एका संध्याकाळी बायको त्यांच्याजवळ येऊन बसली. "बाबा वेळेवर जेवतात," ती म्हणाली. "औषधं घेतात. विचारलं की छान आहे म्हणतात. मला हवं होतं तसंच सगळं आहे. मग मला सारखं रडायला का येतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, तिघं चहाला बसलेले असताना, जावईबापूंनी कप खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच ते अवघड बोलायला तोंड रिकामं ठेवून बसले होते.

"बाबा, मी त्या दिवशी मुद्दाम पडणार होतो," ते म्हणाले. "सगळं नाटक होतं. तुम्ही घाबरून गाडी सोडावी म्हणून. गाडीत काही दोष नाही आणि तुमचा तर मुळीच नाही. अपराधी मी आहे. तुम्ही परत वर जा."

 मग बायको हसायला लागली. इतके दिवस घरात कुणी हसलं नव्हतं, त्यामुळे ती बराच वेळ हसली.

"मुद्दाम म्हणे. आणि हीच ती योजना म्हणे," ती म्हणाली. "अहो, पडल्या पडल्या मी विचारलं तर पाय टेकवला म्हणालात. आता महिन्याभराने नाटक होतं म्हणता? पडल्या पडल्या सांगितलेलं खरं आणि विचार करून सांगितलेलं रचलेलं, हे कुणी शिकवलं मला?"

"अगं, पण हे खरंच..."

"राहू द्या. पुरुषाला पडल्याचं एवढं लागत नाही, पडताना चारचौघांनी पाहिल्याचं लागतं. बाबा, काही मनावर घेऊ नका."

जावईबापूंनी हट्टाने गाडी शिकवणाऱ्या बाईंना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा मधे ठेवला. आपण मुद्दाम पडणार होतो याला काही पुरावा दिसला होता का, असं त्यांनी विचारलं. 

"मुद्दाम?" बाई म्हणाल्या. "मी पुष्कळ माणसं पडताना पाहिलीत हो. मुद्दाम पडणाऱ्याचं तोंड तसं होत नाही. गाडी मी त्याच दिवशी तपासली, तिच्यात काही नव्हतं. जे होतं ते तुमच्या पायात होतं. काका आहेत का तिथे? काका, तुमची जागा मी अजून दुसऱ्या कुणाला दिलेली नाही."

फोन बंद झाला. डॉक्टर कपाकडे बघत होते. बायको त्यांच्याकडे बघत होती.

"बाबा," तिने हळूच विचारलं, "तुम्ही टेकवता का पाय खाली?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "मी जन्मात कधी स्कूटर चालवली नाही. दवाखान्यात चालतच जायचो. मला ती सवयच नाही. पाय गाडीच्या पायरीवर, नजर पुढे, आणि अंगठा असा, टाका घालताना ठेवतो तसा..." बोलता बोलता त्यांनी टेबलाच्या कडेवर अंगठा ठेवून दाखवला. इतक्या दिवसांत ते सलग इतकं पहिल्यांदाच बोलले होते, आणि बोलताना ताठ बसले होते.

बायको उठून आत गेली आणि किल्ली घेऊन आली. गाडी अजून विकलेली नव्हती. विकायचं काम जावईबापूंकडे दिलं होतं, आणि त्यांच्याकडे दिलेली कामं राहतात.

"पुरतं शिकून घ्या," ती वडिलांना म्हणाली. "मी येऊन बघेन. आणि वर जाताना मला फोन करायचा, पोचलात की करायचा. मला भीती वाटते ती वाटणारच, तिच्यासाठी तुम्ही किती दिवस गॅलरीत उभे राहणार?" मग तिने नवऱ्याकडे बघितलं. "आणि ह्यांना त्या गाडीच्या आसपास फिरकू देऊ नका. धोका गाडीत नाही, ह्यांच्यात आहे."

डॉक्टर शिकले. शेवटच्या दिवशी बायको खाणीच्या कडेला उभी राहून बघत होती. घरी आल्यावर तिने एवढंच सांगितलं, की बाबा हेल्मेटमध्ये अगदी लहान दिसतात.

पहिल्यांदा वर जायच्या दिवशी ती खाली डॉक्टरांच्या घरी थांबली, फोन हातात धरून. एका गाडीवर एकच माणूस, तेव्हा डॉक्टर गाडीवरून निघाले आणि जावईबापू काठी टेकत मागून. डॉक्टर अंग पुढे झुकवून, वाट न सोडता, इतक्या सावकाश चढत होते की लंगडणाऱ्या माणसालाही त्यांची पाठ दिसत राहावी. ते मुद्दाम तसं करताहेत हे जावईबापूंना अर्ध्या वाटेवर लक्षात आलं.

माथ्यावर ते पोचले तेव्हा डॉक्टर हेल्मेट काढून पेट्यांपुढे उभे होते. काही पेट्यांच्या तोंडाशी माश्यांची ये-जा चालू होती. दोन पेट्या गप्प होत्या. त्यांतली एक सासूबाईंनी स्वतः पिवळ्या रंगाने रंगवलेली. डॉक्टरांनी झाकण उघडलं. आत मेणाच्या रिकाम्या चौकटी, एक कोळी आणि काही वाळलेल्या माश्या.

"गेल्या उडून," ते म्हणाले. "दाटी झाली की त्यांना वेळेवर जागा करून द्यावी लागते. कुणी आलंच नाही."

 कुणी आलं नाही ते कुणामुळे, हे सांगायची गरज नव्हती. "बाबा, माझं चुकलं," जावईबापू म्हणाले. "त्या दिवशी चहाला मी बोललो ते खरं होतं. कुणाचा विश्वास बसला नाही, पण देवाशपथ खरं होतं."

"माझा बसला होता."

जावईबापूंनी मान वर केली.

"दुखतंय आणि दुखत नाही म्हणतो तो चेहरा मला लांबून ओळखता येतो. जन्मभर तेच केलंय," डॉक्टर म्हणाले. "पण ती हसत होती. म्हटलं, नवरा वेंधळा आहे असं समजून बायको सुखाने राहते. लबाड आहे असं समजून नाही राहत. म्हणून गप्प बसलो."

जावईबापू बाकावर बसले. त्यांना खाली मान घालून रडावंसं वाटत होतं, आणि ते जरासे रडलेही. डॉक्टरांनी त्यांना तेवढा वेळ दिला. मग शेजारी बसून थर्मास उघडला, झाकणात चहा ओतून त्यांच्या हातात दिला, आणि त्यांनी घोट तोंडात घेतल्यावर विचारलं, "पडायची जागा कुठली ठरवली होतीत?"

जावईबापूंनी घाईने घोट गिळला. "वळणाच्या पुढचं गवत."

"आणि पडलात कुठे?"

"वळणाच्या अलीकडे."

"खडीवर."

"हो."

"मुद्दाम?"

"नाही. तो... तो पाय खाली गेला."

 एक माशी डॉक्टरांच्या बाहीवर बसली, फिरली आणि निघून गेली.

"मग उगाच महिनाभर मनाला लावून घेतलंत," ते म्हणाले. "लबाडी करायचं मनात होतं, पण ती करायच्या आधीच तुम्ही पडलात. लेकीचंच बरोबर आहे."